जवसाचं चिलखत : ‘करून पाहिलं’ म्हणजे सिद्ध झालं का?

संशोधनाच्या तयारीला लागलेल्या वाचकांसाठी आज एक पुस्तक घेतलं आहे. विषय आपल्या प्रयोगशाळेपासून बराच लांबचा आहे: प्राचीन ग्रीक सैनिकांचं कापडी चिलखत. पुस्तकाचं नाव ‘रिकन्स्ट्रक्टिंग एन्शंट लिनन बॉडी आर्मर’. लेखक तिघे: ग्रेगरी ऑल्ड्रेट, स्कॉट बार्टेल आणि अलिशिया ऑल्ड्रेट. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या प्रकाशनाने ते २०१३ साली काढलं.

मग हे पुस्तक इथे कशाला? कारण पीएचडीच्या मुलाखतीत ज्या प्रश्नावर भलेभले अडखळतात, तो प्रश्न या पुस्तकाच्या पानापानावर उभा आहे. प्रश्न असा: तुमचा प्रयोग यशस्वी झाला हे मान्य, पण त्यातून नेमकं काय सिद्ध झालं?

एका हौशी विद्यार्थ्याचा उद्योग

युरोप-अमेरिकेत ‘रिइनॅक्टमेंट’ नावाचा मोठा छंद आहे. जुन्या काळातले कपडे, शस्त्रं, भांडी शक्य तितक्या जुन्या पद्धतीने स्वतः बनवायची, अंगावर घालायची, वापरून बघायची. कुणी रोमन सैनिक होतं, कुणी मध्ययुगातली विणकरीण. बाहेरून बघणाऱ्याला हा फॅन्सी ड्रेसचा प्रकार वाटतो. पण यातली गंभीर मंडळी एका शिवणीसाठी आठवडाभर संग्रहालयांचे अहवाल चाळतात.

स्कॉट बार्टेल हा विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या ग्रीन बे इथल्या शाखेतला विद्यार्थी. त्याला अलेक्झांडरचं वेड होतं. पाँपेईत सापडलेलं एक प्रसिद्ध मोझेक आहे, आता ते नेपल्सच्या संग्रहालयात असतं. त्यात लढाईत घुसलेल्या अलेक्झांडरच्या अंगावर एक विशिष्ट आकाराचं चिलखत दिसतं: छातीभोवती गुंडाळलेला भाग, खांद्यावरून पुढे ओढून बांधलेल्या दोन पट्ट्या आणि कमरेखाली लोंबणाऱ्या झालरी. तसं चिलखत बार्टेलने हौसेने बनवलं आणि आपल्या प्राध्यापकांना, म्हणजे ग्रेगरी ऑल्ड्रेट यांना, दाखवलं. या चिलखताबद्दल अभ्यासकांनी किती कमी लिहिलंय हे लक्षात आल्यावर प्राध्यापक, विद्यार्थी आणि अलिशिया ऑल्ड्रेट असे तिघे कामाला लागले. पुढे त्यात अनेक विद्यार्थी सामील झाले.

हौसेतून आलेला प्रश्न कमी दर्जाचा नसतो, ही या पुस्तकाची पहिली शिकवण. प्रश्न कुठून आला यापेक्षा तो पुढे कसा तपासला, यावर त्याची किंमत ठरते.

हातात पुरावा काय होता?

आता इथे जरा थांबून पुरावा मोजू. कारण पुढची सगळी टीका यावर उभी आहे.

एक, ग्रंथांतले उल्लेख. होमरच्या ‘इलियड’मध्ये दोन योद्ध्यांना ‘लिननचं उरस्त्राण घालणारा’ अशा अर्थाचं विशेषण आहे. हेरोडोटसने इजिप्तच्या अमासिस राजाने भेट दिलेल्या लिननच्या चिलखताचं वर्णन केलंय. त्यातला एकेक धागा म्हणे ३६० तंतूंचा होता! प्लुटार्क सांगतो की गौगामेलाच्या लढाईत अलेक्झांडरने इससच्या लुटीत मिळालेलं दुहेरी लिननचं चिलखत घातलं होतं. झेनोफनला आशिया मायनरच्या डोंगरांत ओटीपोटापर्यंत येणारी लिननची चिलखतं घातलेले लोक भेटले होते.

दोन, चित्रं आणि शिल्पं. मडक्यांवर, थडग्यांवर, भिंतींवर हा आकार शेकडो वेळा दिसतो.

तीन, प्रत्यक्ष वस्तू. इथे पाटी कोरी. अखंड असं एकही ग्रीक लिनन चिलखत आजवर सापडलेलं नाही. तिथल्या दमट मातीत कापड कुजून जातं.

म्हणजे ग्रंथ सांगतात की लिननची चिलखतं होती. चित्रं सांगतात की या आकाराची चिलखतं होती. पण चित्रातलं चिलखत तेच ग्रंथातलं लिननचं चिलखत, हा सांधा कोणत्याही पुराव्याने जोडलेला नाही, तो आपण जोडतो. चित्रात पांढरा रंग दिसतो, पण पांढरं कमावलेलं चामडंही असू शकतं. काही अभ्यासक हा आकार चामड्याचाच मानतात. झेनोफनच्या लिखाणात ‘स्पोलास’ नावाचं एक अंगत्राण येतं आणि नंतरच्या काळातला कोशकार पोलक्स ते चामड्याचं असल्याचं सांगतो. म्हणून सावध अभ्यासक या आकाराला ‘नळी आणि खांदेपट्टी’ अशा अर्थाचं तटस्थ नाव वापरतात. ‘लिनोथोरॅक्स’ हे नाम मात्र आधुनिक वापरातलं. होमरकडे ते विशेषण आहे.

नाव देतानाच आपण अर्धं उत्तर देऊन टाकतो. तुमच्या सिनॉप्सिसच्या शीर्षकातही हे घडू शकतं, लक्ष ठेवा.

पुस्तक कुठे उत्तम आहे

आधी कौतुक, आणि ते मनापासून.

पहिली गोष्ट म्हणजे कच्चा माल. या लोकांनी चाचणीसाठी फक्त दुकानातलं लिनन आणून काम भागवलं नाही. आजचं लिनन यंत्रावर कातलेलं, रसायनांनी धुतलेलं असतं. त्यांनी जुन्या पद्धतीने पिकवलेल्या, सोललेल्या, हाताने कातलेल्या आणि हातमागावर विणलेल्या कापडाचा आग्रह धरला. लिनन ज्या झाडापासून होतं ते म्हणजे आपलं जवस. विदर्भात ज्याच्या बियांची चटणी होते, तीच वनस्पती. आपण बी घेतो, त्यांनी खोडातला तंतू घेतला. हाताने कातून एवढं कापड काढायला किती श्रम लागतात, याचा हिशेबही पुस्तकात आहे. त्यातून एक गोष्ट सहज समोर येते: रणांगणावरच्या पुरुषाच्या अंगावर घरातल्या बायकांचे कित्येक महिने असायचे. कपाटात ठेवलेल्या ग्रंथातून हे इतक्या स्पष्टपणे कधीच कळलं नसतं.

दुसरी गोष्ट, बाणांच्या चाचण्या. त्यांनी कापडाचे वेगवेगळ्या जाडीचे तुकडे तयार केले, जुन्या नमुन्यांवरून घडवलेली टोकं बाणांना लावली आणि ते ठरावीक अंतरावरून मारून बाण किती आत शिरतो ते मोजलं. निष्कर्ष असा की साधारण १२ मिलिमीटर जाडीचं थरांचं लिनन त्या काळात समोर येणाऱ्या बहुतेक बाणांपासून वाचवू शकलं असतं. वजनाला ते कांस्याच्या चिलखतापेक्षा बरंच हलकं.

तिसरी गोष्ट मला सगळ्यात आवडली: अडचणींची प्रामाणिक नोंद. त्यांनी आधी थर चिकटवून जाड पत्रा तयार केला आणि मग तो कापायला घेतला. मोठ्या कात्र्या हरल्या. शेवटी धातू कापायचं पातं लावलेली विजेची करवत लागली. पेपर लिहिताना आपण असा प्रसंग सहसा गाळतो. इथे त्यालाच माहितीचा दर्जा मिळाला आहे. तसंच अंगावर घातल्यावर शरीराच्या उबेने चिलखत हळूहळू अंगाच्या आकाराला येतं, पाण्याने सरस मऊ पडू नये म्हणून वरून मधमाश्यांचं मेण चोळावं लागतं, हेही घालून आणि वापरूनच कळलं.

आणि कुठे घसरतं

वरच्या परिच्छेदात ‘चिकटवून’ आणि ‘सरस’ हे शब्द आले, ते तुम्हाला खटकले का? पुरावा मोजताना आपण सरसाचं नावही काढलं नव्हतं.

अडचण नेमकी इथे आहे. पूर्ण आकाराचं चिलखत बनवताना या गटाचा भर थर चिकटवण्यावर आहे. त्यासाठी सशाच्या कातड्याचा सरस आणि जवसाच्या बियांचा चिकट द्रव वापरला. (जवस रात्रभर भिजवून पाहिलं असेल तर तो बुळबुळीतपणा तुम्हाला माहीत असेल.) हे दोन्ही पदार्थ प्राचीन जगाला ठाऊक होते यात शंका नाही. इजिप्तमध्ये ममींचे मुखवटे कापड आणि चुन्याचे थर देऊन करत, म्हणजे कापड कडक करण्याचं तंत्रही अपरिचित नव्हतं. पण ‘पदार्थ उपलब्ध होते’ इथून ‘चिलखतं अशीच करत’ इथपर्यंतची उडी कोणत्याही ग्रीक ग्रंथाच्या आधाराने मारता येत नाही. ग्रीक चिलखताचे थर सरसाने चिकटवल्याचं प्राचीन वर्णन नाही.

मग थर एकत्र कसे राहत असतील? सगळ्यात साधं उत्तर आपल्या घरातच आहे: गोधडी. थरावर थर ठेवून दोरा घालायचा. जगभर जिथे कापडी चिलखतांचा भक्कम पुरावा आहे, तिथे बहुतेक ठिकाणी शिवणच दिसते. पंधराव्या शतकातल्या फ्रान्समध्ये अकराव्या लुईच्या काळच्या हुकुमात कापडाचे २५ ते ३० थर आणि वर हरणाचं कातडं असलेल्या जाकिटांचा उल्लेख येतो. मेक्सिकोतल्या ॲझटेक योद्ध्यांची कापूस भरून शिवलेली अंगत्राणं स्पॅनिश सैनिकांनीसुद्धा स्वीकारली. भारतातही रुई भरून टाके घातलेली चिलखतं वापरात होती.

लेखक इतर शक्यता नाकारत नाहीत, हे न्यायाने सांगायला हवं. पण पुस्तकाचं वजन एका पारड्यात आहे. शिवलेल्या थरांना तितकी जागा, तितकी मेहनत मिळत नाही.

आता करवतीच्या गोष्टीकडे परत बघा. त्यावरून लेखकांनी असा निष्कर्ष काढला की प्राचीन कारागीर आधी एकेक थर आकारात कापत असतील आणि मग चिकटवत असतील. निष्कर्ष तर्कशुद्ध वाटतो, पण तो सशर्त आहे. ‘जर चिकटवत असतील, तर आधी कापत असतील.’ यातला ‘जर’ पुढच्या पानांवर कुठेतरी गळून पडतो आणि वाचकाला वाटतं की प्राचीन कार्यशाळेबद्दल काहीतरी नवं कळलं. खरं तर आपल्याला कळलं ते लेखकांच्या कार्यशाळेबद्दल.

मी स्वतः तंतू आणि पॉलिमर यांच्या कॉम्पोझिटवर काम करते, त्यामुळे मला हा भाग जास्त बोचतो. थर चिकटवलेले असले की आघात मोठ्या भागावर पसरतो आणि थर सुटे होतानाही ऊर्जा खर्च होते. थर मोकळे किंवा फक्त शिवलेले असले की धागे सरकतात, ताणतात आणि ऊर्जा वेगळ्या वाटेने शोषली जाते. कोणती रचना सरस ठरेल हे टोक किती धारदार आहे, वेग किती आहे, विणकाम किती घट्ट आहे यावर ठरतं. म्हणून दोन रचनांची तुलना करायची तर ती समान जाडीवर नव्हे, तर दर चौरस मीटरला समान वजनावर करावी लागते. शेवटी सैनिक मिलिमीटर नाही, किलो वाहत असतो. शिवाय सरस घामाने आणि दमटपणाने मऊ पडतो. ग्रीसच्या उन्हाळ्यात घामाने भिजलेलं चिलखत कसं वागेल, ही चाचणी कोरड्या तुकड्यावरच्या चाचणीइतकीच महत्त्वाची आहे.

आणखी एक नोंद. कॅमेऱ्यासमोर बार्टेलने चिलखत अंगावर घालून खरोखरचा बाण झेलला. धाडस दाद देण्यासारखं. पण तो प्रयोग नव्हे, ते प्रात्यक्षिक झालं. प्रात्यक्षिकाने प्रेक्षकाची खात्री पटते. प्रयोगात आपली समजूत चुकीची ठरायला वाव ठेवलेला असतो.

विरुद्ध बाजूचा साक्षीदारही आहेच. दुसऱ्या शतकातला प्रवासी पॉसेनियस लिहितो की लिननची चिलखतं लढणाऱ्यांना फारशी उपयोगी नाहीत, जोराचा वार झाला तर लोखंड आरपार जातं. शिकाऱ्यांना मात्र ती कामाची, कारण सिंह-बिबट्यांचे दात त्यात अडकून तुटतात. १२ मिलिमीटरचा निष्कर्ष आणि हे वाक्य एकमेकांसमोर ठेवले की प्रश्न पडतो: पॉसेनियस चुकला, की त्याने पाहिलेलं चिलखत वेगळ्या बनावटीचं होतं? संशोधनाचा पुढचा प्रश्न इथून सुरू व्हायला हवा होता.

सरस आला कुठून?

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ब्रिटिश चित्रकार-अभ्यासक पीटर कॉनली यांनी चिकटवलेल्या लिननचं चिलखत बनवलं आणि त्यांच्या देखण्या सचित्र पुस्तकांतून ती कल्पना घराघरांत पोहोचली. हौशी मंडळींनी त्यावरून आपापली चिलखतं केली. त्यांचे फोटो पाहून पुढच्यांनी केली. शॉन मॅनिंग या अभ्यासकाने या कल्पनेचाच इतिहास तपासला आहे. त्याच्या मांडणीनुसार तिचा उगम प्राचीन ग्रीक ग्रंथांत नसून आधुनिक लेखकांच्या पुनर्कथनात सापडतो. त्यामागे एक बायझंटाइन उताराही आहे. बाराव्या शतकातल्या माँफेराच्या कॉनराडने १८ किंवा अधिक थरांचं, खारवलेल्या वाइनमध्ये भिजवलेलं लिनन अंगावर घेतलं होतं, असं इतिहासकार निकेतास खोनिआतेस सांगतो. मीठ आणि वाइन. सरस तिथेही नाही! आणि काळ अलेक्झांडरनंतर दीड हजार वर्षांचा.

म्हणजे हौशी जगाची ताकद आणि दुबळेपणा एकाच ठिकाणी दिसतात. हाताला जे कळतं ते त्यांना आधी कळतं. पण प्रतीवरून प्रत काढत गेलं की पाचवी प्रत पहिलीचा पुरावा वाटू लागते. आपल्याकडे संदर्भसूचीतून संदर्भ उचलताना हेच होतं, फक्त तिथे सरसाचा वास येत नाही. आणि हेही खरं, की सरसाच्या कल्पनेवर चिवट आक्षेप घेणाऱ्यांत सुई-दोरा हातात धरणारे हौशी कारागीरही होते.

वस्तू हातात असते तेव्हा

तुलनेसाठी दुसरं टोक बघू. ग्रीनलंडच्या दक्षिणेला हेर्योल्फ्सनेस इथे १९२१ साली पॉल नोर्लुंड यांनी उत्खनन केलं. गोठलेल्या जमिनीत नॉर्स वसाहतीतल्या लोकांचे मध्ययुगीन कपडे टिकून होते, कारण मृतांना त्यात गुंडाळून पुरलं होतं. एल्से ओस्टरगॉर्ड यांचं ‘वोव्हन इंटू द अर्थ’ (२००४) हे या कपड्यांवरचं पुस्तक, आणि २०११ साली त्यांनी दोन सहकाऱ्यांसोबत त्याच कपड्यांचे बेतायचे नमुने प्रसिद्ध केले. जगभरचे हौशी आज त्यावरून कपडे शिवतात.

तिथे ताण्यापेक्षा बाण्याचे धागे जास्त आहेत, हे मोजता येतं. शिवण कोणत्या टाक्याची आहे, हे दिसतं. तुमचा झगा मूळ झग्याशी जुळला नाही तर मूळ वस्तू तुम्हाला खोटं पाडते. लिनन चिलखताच्या बाबतीत खोटं पाडणारी वस्तूच नाही. म्हणून तिथे करून पाहणं निरुपयोगी ठरत नाही, पण त्याचं काम बदलतं. ते शक्यतांची यादी छोटी करतं, त्यातली एक शक्यता निवडून देत नाही.

तुमच्या कामासाठी

हे पुस्तक वाचताना कागदावर तीन रकाने आखा. पहिल्यात पुराव्याने दिलेलं, दुसऱ्यात संशोधकाने निवडलेलं, तिसऱ्यात प्रयोगातून निघालेलं. लिननचे थर पहिल्या रकान्यात जातील. सरस दुसऱ्यात जाईल. बाण किती शिरला ते तिसऱ्यात. मग प्रत्येक निष्कर्षाला विचारा, तू कोणत्या रकान्यांवर उभा आहेस? जो निष्कर्ष दुसऱ्या रकान्यावर उभा राहून पहिल्या रकान्याबद्दल बोलतो, त्याच्यापुढे ‘जर’ लिहा.

हेच तुमच्या सिनॉप्सिसला लावून बघा. नमुना अमुक तापमानाला का ठेवला? मॉडेलमध्ये अमुक गृहीतक का? उत्तर ‘आधीच्या पेपरमध्ये तसं होतं’ असं असेल तर तो तुमचा सरस आहे. तो वापरू नका असं मी म्हणत नाही. तो दुसऱ्या रकान्यात लिहा आणि शक्य असेल तर सुई-दोऱ्याचाही एक नमुना करा, तितक्याच मेहनतीने.

पुस्तक वाचावं का? जरूर. इतक्या उघडपणे आपली कार्यशाळा दाखवणारी पुस्तकं कमी असतात, आणि त्यांनी इतकं दाखवलं म्हणूनच आपल्याला इतकं बोलता आलं. कापडाचं चिलखत बाण अडवू शकतं, ते फक्त समारंभात मिरवायचं वस्त्र नव्हतं, एवढं या तिघांनी नक्की पटवून दिलं. ते कसं जोडलेलं होतं, हा प्रश्न अजून उघडा आहे. कुणाला घ्यायचा असेल तर घ्या.